होडीतल्या चौघी

पनवेलच्या मासळी बाजारात करंजाहून येणाऱ्या एका कोळीणबाईंकडून मी नऊ वर्षं मासे घेतो. नाव मात्र कधी विचारलं नाही.

परवा त्यांच्यापुढे सुरमई अर्धी कापून तशीच पडली होती. बर्फाच्या पेटीला टेकवलेल्या मोबाइलवर आशियाई स्पर्धेतली वल्हवण्याची अंतिम शर्यत चालू होती. भारताच्या चौघींच्या होडीत त्यांची मुलगी होती. सहा होड्या, अंतर दोन हजार मीटर. तिकडे वारा सुटला होता आणि आधीच्या शर्यतीत एक होडी उलटली होती. बाई पापणीही हलवत नव्हत्या.

आपली होडी शेवटी, सहावी आली. मी मनातल्या मनात फरक काढला आणि धीर द्यावा म्हणून म्हणालो, "मावशी, पदक चौदाच सेकंदांनी हुकलं."

त्या पडद्यावर बोट ठेवून मोजत होत्या. "चारी हायत," त्या म्हणाल्या. "दादा, होडी धक्क्याला लागली का आमी पयली मानसं मोजतो. मासली मंग."

शेजारची कोळीण म्हणाली, "आता तरी सुरी चालव गो, गिऱ्हाईक उभ्या उभ्या सुकला."

त्या हसल्या, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पडद्यावर चौघी वल्ह्यांवर वाकून धापा टाकत होत्या. शर्यतभर मी फक्त वेळेचे आकडे पाहिले होते. चेहरे तेव्हा पहिल्यांदा पाहिले, एकेक करून, चारही.