गेममधील मजकुराशी दुकानदार सहमत नाही

आमचा संघपाल कुलपं मोडतो. हे वाक्य असं सुटं वाचलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर पोलीस ठाणं येईल, म्हणून खुलासा लगेच करतो. संघपाल माझा शेजारी. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे, आणि स्वभावानं इतका सरळ की रिकाम्या रस्त्यावरही वळताना हात दाखवतो. तो मोडतो ती कुलपं दिसत नाहीत. टीव्हीला जोडायचे किंवा हातात धरून खेळायचे जे कन्सोल मिळतात, त्यांच्या आत कंपनीनं एक बंदोबस्त करून ठेवलेला असतो. कंपनीनं पसंत केलेला खेळच त्यावर चालतो, दुसरा चालत नाही. संघपाल सोल्डरिंगचं सामान घेऊन बसतो आणि तो बंदोबस्त मोडतो.

आता एवढं केल्यावर माणसानं पुढचं करावं की नाही? बाजारात महाग मिळणारे खेळ कुठून तरी फुकट उतरवून घ्यावेत आणि खेळत बसावं. जग याचसाठी कुलूप मोडतं. संघपाल मात्र कुलूप मोडतो, दार सताड उघडतो आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहतो. आत पाऊल टाकत नाही. दुसऱ्यालाही टाकू देत नाही.

त्याच्याकडे कन्सोल घेऊन येणाऱ्यांची यामुळे मोठी पंचाईत होते. चांदूर बाजारचा कुंदन माझ्यासमोरच आला होता.

"भाऊ, उघडलं ना?"

"उघडलं."

"मंग टाका ना आता त्यात गेम. चांगले पन्नासेक."

"ते चोरीचे असतात. मी टाकत नाई."

"मंग हे उघडलं कायले?"

"आता तुमी सोता बनवलेला गेम यावर चालवू शकता."

कुंदननं एकदा कन्सोलकडे पाहिलं, एकदा संघपालकडे, आणि शेवटी माझ्याकडे. "मी गेम बनवू? माही तं सोयाबीन काढाची बाकी आहे."

संघपालचं म्हणणं असं: "डबा माहा. म्या पैसे देऊन घेतला. त्यात काय चालवाचं हे कंपनी कोन सांगनारी? पन खेळ दुसऱ्यानं मेहनत करून बनवला, तो फुकट उचलनारा मी कोन?" हे ऐकताना मला पूर्ण पटतं. घरी येऊन बायकोला सांगायला लागलो की दुसऱ्या वाक्यात माझी गाडी अडते. त्याचे वडील श्रावणभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांनी तर नाद सोडलाय. "तोडाचं अन् न्याचं नाई," ते म्हणतात, "याले चोरीबी म्हनता येत नाई अन् नोकरीबी म्हनता येत नाई."

पण असा विचार करणारा संघपाल जगात एकटा नाही. इंटरनेटवर त्यांचा एक फोरम आहे. निरनिराळ्या देशांतली माणसं, सगळी कुलपं मोडणारी. घरी बनवलेले खेळ एकमेकांना फुकट द्यायचे, याला ते होमब्रू म्हणतात. आपल्याकडे जसे शेजारी पापड देतात तसं. आणि नियम इतके कडक की एखाद्या संस्थानात नसतील. चोरीच्या खेळाचा नुसता उल्लेख केला तरी समज मिळते. कोणाचा त्यात हात दिसला, की माणूस बाहेर. फोरमचे प्रमुख फिनलंडचे एक वयस्कर गृहस्थ आहेत. संघपाल त्यांना आजोबा म्हणतो. त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण आजोबांनी त्याच्या खेळाबद्दल "नीटनेटका" असा शब्द वापरला त्या दिवशी त्यानं मला घरी बोलावून पेढा दिला होता.

तो खेळ म्हणजे मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी लहान रुळांची रेल्वे. आपण ड्रायव्हर. रुळावर म्हैस आली की थांबायचं, माणसं उतरली की त्यांची वाट पाहायची. दोन वर्षं खपून संघपालनं तो बनवला. सगळा मराठीत. सुरुवातीला पडद्यावर त्याचं नाव, खाली "अमरावती", आणि त्याखाली फोरमच्या रिवाजाप्रमाणे ठळक सूचना: "हा खेळ फुकट आहे. कोणी विकला असेल तर पैसे परत मागा."

एका रविवारी सकाळी संघपाल माझ्याकडे आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. अकोल्याच्या कोणीतरी इंटरनेटवर व्हिडिओ टाकला होता. अकोला बसस्टँडजवळच्या दुकानात एक मेमरी कार्ड मिळतं, त्यात हजार खेळ. सगळे मोठमोठ्या कंपन्यांचे, सगळे चोरीचे. आणि त्यांच्या मधोमध संघपालची रेल्वे, शिट्टी वाजवत. फोरमवर कोणाच्या तरी नजरेला ते पडलं. हजार खेळांच्या कार्डावर मराठीत एकच नाव, एकच गाव. त्यांना वाटलं, हे कार्डच या माणसाचं.

"आजोबांनी आठ दिवस देल्ले," संघपाल म्हणाला. "खेळ त्या कार्डावरून निघाला पायजे. नाई तं मी फोरमच्या बाहेर, अन् माहा खेळबी."

"पण चोरी तर तुझी झाली!"

"तेच त म्या लिहिलं. ते म्हनतात, सिद्ध कर."

म्हणून आम्ही दोघं अकोल्याला निघालो. संघपालनं आपण खरे मालक असल्याचा पुरावा म्हणून खेळाचा सगळा कोड पेनड्राइव्हवर घेतला होता. बसमध्ये तो दुकानदाराला काय सुनवायचं त्याची तयारी करत होता. "तुमच्यापायी" या शब्दानं सुरुवात करायची असं मूर्तिजापूरच्या आधी ठरलं.

दुकान अरुंद होतं. समोर मोबाईलची कव्हरं लटकलेली, आणि काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी: "गेममधील मजकुराशी दुकानदार सहमत नाही."

पाटीमागे भगवंतराव बसले होते. पन्नाशीचे, गोल, हसतमुख. संघपालनं सांगितलं, हा रेल्वेचा खेळ माहा आहे. भगवंतराव चक्क उभे राहिले.

"तुमी काय ते! अरे बाप्पा! बसा, चहा सांगतो. तुमच्यापायी मले किती तरास झाला, माहीत आहे?"

सुरुवातीचा शब्दच समोरच्यानं घेतल्यामुळे संघपालला पुढचं काही आठवेना.

"लोक कार्ड नेतात," भगवंतराव सांगू लागले, "गाडी चालू करतात, अन् लगेच वापस येतात. पैसे द्या म्हनतात! गेममंदीच लिहून आहे म्हनतात! मले पयले वाटलं, कंपनीची स्कीम असन. दोघाचौघांले देऊनबी टाकले. मंग पाटी लावली."

"ते म्या मुद्दाम लिहिलं. तुमच्यासारख्यांसाठी."

"तं माह्यासाठी लिहाचं ना भाऊ. गिऱ्हाइकांसाठी काहून लिहिलं?"

"खेळ कार्डावरून काढा," संघपाल म्हणाला. "हे सगळे खेळ चोरीचे आहेत."

"अन् हे कार्ड ज्या डब्यात चालते, त्याचं कुलूप कोन मोडते?"

संघपालनं खिशातून पुराव्याचा पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला.

"तुमी कुलूप मोडता, मी दार लोटतो," भगवंतराव प्रेमानं म्हणाले. "आत तं दोघंबी मिळून गेलो ना?"

इथे मी मध्ये पडलो. शेताच्या धुऱ्यावरून जाता जाता हरभऱ्याचे चार घाटे तोडून खाल्ले तर शेतमालक काही म्हणत नाही, मी म्हणालो, पण धोतराचा ओटा भरून नेले तर बोलणी बसतात. संघपाल घाटे खाणाऱ्यांतला, तुम्ही ओटा भरणाऱ्यांतले. मला हे फार मुद्देसूद वाटलं होतं.

"घाटा तोडला तं झाडावरचा कमी होते," भगवंतराव म्हणाले. "हे कॉपी केलं तं तिकडचं काय कमी झालं?"

"मंग पुढच्या साली पेरन कोन?" संघपाल एकदम बोलला.

भगवंतरावांनी मान डोलावली. "हेबी बराबर आहे," ते म्हणाले, आणि आलेला चहा आमच्यापुढे सरकवला. कोण जिंकलं ते कोणालाच कळलं नाही. शेवटी भगवंतराव म्हणाले, "काढतो. तुमची वस्तू आहे, तुमी नाई म्हनता तं काढतो. उद्यापासून नव्या कार्डात राहनार नाई."

काम झालं होतं. आम्ही उठलो असतो. पण तेवढ्यात शेजारी बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या जयवंताबाई हातात कन्सोल घेऊन आल्या, आणि संघपाल कोण ते भगवंतरावांनी त्यांना सांगून टाकलं.

"या गाडीचा ड्रायव्हर तुच काय बे?" बाई कडाडल्या. "माह्या माहेरावरून गाडी नेतोस अन् थांबवत नाईस?"

"कोनतं माहेर, मावशी?"

"कापूसतळणी! आमी तिथून चढाचो. मी दुपारभर बटन दाबून राहिली, गाडी आपली सरळ. दर्यापूर थांबते, अंजनगाव थांबते, अन् आमची कापूसतळणीच काय तुले दिसली नाई?"

संघपालच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. फोरमवर त्याचा खेळ उतरवून घेणारे फार तर चाळीस जण. त्यांतल्या कोणीही कापूसतळणी मागितली नव्हती. इथं एक हाडामासाची बाई त्याच्या गाडीवर चिडली होती.

"लहान थांबा म्हनून सोडला, मावशी."

"तुले लहान. माहं तं बालपन गेलं तिथी."

संघपाल खाली बसला. पेनड्राइव्हवरचा कोड त्यानं भगवंतरावांच्या कॉम्प्युटरवर उतरवला आणि काम सुरू केलं. बाई मागे उभ्या राहून सांगत होत्या: निंब या बाजूला, विहीर त्या बाजूला, असं नाही, अजून मागे. भगवंतराव गिऱ्हाइकांना थोपवून धरत होते. "थांबा, मालक गाडी दुरुस्त करून राहिले." मग संघपालला वाटलं, थांबा आल्यावर आवाज पाहिजे. दुकानातल्या माइकसमोर बाईंना उभं केलं. बाईंनी पदर सारखा केला आणि ओरडल्या, "थांबव रे बाप्पा, कापूसतळणी आली!" रस्त्यावरची दोन माणसं खरंच थांबली.

परतीच्या बसमध्ये संघपाल खुशीत होता. बडनेरा जवळ आल्यावर मी हळूच विचारलं, "आपण तो खेळ काढायला गेलो होतो ना?"

"हाव," तो म्हणाला. "पन आता काढला तं मावशी काय खेळन?"

निघताना त्यानंच भगवंतरावांना सांगितलं होतं, राहू द्या. फक्त ती सूचना काढू नका. भगवंतराव म्हणाले होते, तुमची सूचना राहील, माझी पाटी राहील.

संघपालनं फोरमवर सगळं खरं लिहिलं. खोटं त्याला जमत नाही. काढायला गेलो, आणि दुरुस्त करून आलो. दोन दिवस तिथं भांडणं झाली. कोणी म्हणालं हा फितूर, कोणी म्हणालं हा भाबडा. मग आजोबांनी मार्ग काढला. नवी आवृत्ती फोरमलाही द्यायची, म्हणजे कोणाला कार्ड विकत घ्यावं लागणार नाही. आणि एक वाक्य लिहून द्यायचं: "त्या कार्डाशी माझा संबंध नाही, आणि माझ्या घरात चोरीचा एकही खेळ नाही." एवढं केलं की संघपाल आत.

सोपं होतं. संघपालनं पेनड्राइव्ह लावला, आणि त्यात जुनीच गाडी. नवी सगळी भगवंतरावांच्या कॉम्प्युटरवर राहिली होती, बाईंच्या आवाजासकट. त्यानं फोन केला. "भगवंतराव, माहा एकच खेळ पाठवा."

"एक मले वेगळा काढता येत नाई, भाऊ. माह्याकडं येनारं कॉम्प्युटरवालं पोरगं बसवून देते, मी नुस्ता छापतो. आपल्याकडं सगळं ठोकमंदी. कार्ड पाठवतो."

दर्यापूरमार्गे येणाऱ्या ओळखीच्या जीपवाल्याच्या हाती कार्ड आलं. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं, सोबत जयवंताबाईंनी दीक्षासाठी दिलेल्या हिरव्या बांगड्या. दीक्षा म्हणजे संघपालची बायको, शाळेत गणित शिकवते, कधी गोंधळत नाही. मी गेलो तेव्हा कार्ड टेबलावर होतं आणि संघपाल त्याच्यापासून हातभर लांब उभा होता.

"लावलं तं घरात चोरीचे खेळ आले," तो म्हणाला. "नाई लावलं तं माहा खेळ येत नाई."

"तुमी तिकडं तोंड करा," दीक्षा म्हणाली. "मी तुमचा काढून घेते अन् कार्ड वापस पाठवून देऊ."

संघपाल खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दीक्षानं रेल्वे शोधली, कॉम्प्युटरवर घेतली. बाईंची आरोळी घरात घुमली. मग बटणांचा आवाज येऊ लागला.

"झालं काय?"

"झालं. पन हे पाहा ना, मोटारीचा तो खेळ! मी सातवीत असताना मामाकडं खेळायची. एकच डाव पाहते."

संघपाल वळला. एकदा वळलेल्या माणसानं पुन्हा भिंतीकडे तोंड करावं का, हा प्रश्न त्याला पडलेला स्पष्ट दिसत होता. त्याचं वाक्य फोरमवर टाईप करून तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. तो तिच्या डावाकडे आणि वाक्याकडे आळीपाळीनं पाहू लागला. हरली की कार्ड काढणार, कार्ड काढलं की वाक्य खरं. पण दीक्षा हरेना.

"अवं, उजवीकडून घे," तो एकदम म्हणाला. "तिकडं रस्ता मोकळा आहे."

आणि स्वतःचंच बोलणं ऐकून खुर्चीत बसला. थोड्या वेळानं त्यानं ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: "कार्डाशी माझा संबंध नाही. पण आत्ता या घटकेला माझ्या घरात चोरीचा एक खेळ आहे. बायको खेळत आहे. संपला की कळवतो." आणि मी अडवायच्या आत पाठवूनही दिलं.

आम्ही पडद्याकडे पाहत बसलो. फिनलंडमध्ये तेव्हा सकाळ असावी. आजोबांचं उत्तर लवकरच आलं. इंग्रजीत, एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. मराठीत त्याचा अर्थ: "कोणता?"

संघपालनं तो शब्द चारदा वाचला. "भाऊ," त्यानं मला विचारलं, "ही माफी होय का चौकशी?"

दीक्षा म्हणाली, "नाव लिहा त्यांना. अन् सांगा, मी तिसऱ्या वळणावर अडकली, पुढं कसं जाचं ते विचारा."