कलाबाई भांडेना

सुरतेच्या उधन्यातल्या त्या चाळीत हिलाल आणि कलाबाईचं भांडण सकाळच्या नळासारखं ठरलेलं होतं. चहा पांचट झाला, लोणचं खारट निघालं, मेहुण्याने फोन केला नाही, कोणतंही कारण चालायचं. हिलाल एक बोलायचा, कलाबाई चार ऐकवायची, आणि रात्री दोघं एकाच ताटात जेवायची. पलंगावर पडल्यापडल्या हिलालला आता तेच आठवायचं. चांगले दिवस आठवायला घ्यावेत तर आधी भांडणंच डोळ्यांसमोर यायची, आणि जीव कासावीस व्हायचा.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, कापलेल्या पतंगामागे धावताना तो गच्चीवरून पडला. एवढा बाप्या माणूस, पण सुरतेत त्या दिवशी वय कोण बघतं? मानेचा मणका मोडला, हातपाय लुळे पडले, आणि श्वासासाठी डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. नळीने जीव वाचवला, पण आवाज नेला. हवा गळ्यातूनच बाहेर पडायची, तोंडापर्यंत पोचायचीच नाही. बोलण्यासाठी नळीला झडप लावून पाहिली, तर त्याचा दम कोंडला. ‘पुढे बघू,’ म्हणाले डॉक्टर. नाकातून श्वास नाही, म्हणून चहातल्या आल्याचा वासही नाही. कफ दाटला की कलाबाई मशीन लावून तो ओढायची. तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हे रडणं नव्हे, एवढंही त्याला सांगता यायचं नाही. खरंच रडू यायचं, तेव्हा तेही मुकंच.

त्याचं बोलणं कळायचं एकट्या काशिनाथला. दोघांनी एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, समोरासमोरचे लूम चालवलेले. लूम सुरू झाले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथले कारीगर ओठांवरूनच बोलतात. काय दिवस होते ते! शेठ मधून चालत जायचा आणि हे दोघं त्याच्या देखत त्याच्या पोटाची टिंगल करायचे. हसू दाबताना हिलालच्या हातून धागे तुटायचे.

काशिनाथ रोज पाळी सुटल्यावर यायचा, हिलालचे ओठ वाचायचा आणि कलाबाईला सांगायचा. पण हा दुभाषा एक नंबरचा लबाड! हिलाल ओठांनी म्हणायचा, “हाऊ च्या शे का भांडा धुयेल पानी?”

काशिनाथ सांगायचा, “वहिनी, तो म्हनस, च्या झकास शे. साखर जराशी टाका.”

कलाबाई पदराने डोळे पुसत साखर टाकायची. नवऱ्याशी ती आता घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी गोड बोलायची. उलटून एक शब्द नाही. हिलालला तो गोडवा सोसत नव्हता. तिच्या लेखी आपण संपलो, असंच त्याला वाटायचं. काशिनाथला झापावं, तर बायकोशी दुसऱ्याच्या तोंडाने भांडणार तरी कसं? आणि येत्या रविवारी काशिनाथही सुरत सोडून कायमचा शिंदखेड्याकडे गावी निघाला होता. मग तर साखर मागायचीही सोय उरणार नव्हती.

कलाबाईने खटपट केली नाही असं नाही. ती त्याच्या ओठांशी कान नेऊन बसायची. तिथून आवाजच निघत नाही, तर कान काय करणार बिचारा? आणि हिलालही आवाज असल्यासारखा ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा. शेवटी थकून ती उठायची.

शनिवारी काशिनाथ बसलेला असताना खात्यातून व्हिडिओ कॉल आला. सगळ्यांना हिलालला बघायचं होतं. काशिनाथने आवाज मोठा करून फोन त्याच्यासमोर धरला. लूमच्या खडखडाटाने खोली भरून गेली. किती महिन्यांनी ऐकला तो आवाज! हिलालचा चेहरा उजळला. जुन्या सवयीने त्याचं तोंड मोठं उघडलं, गाल हलले, ओठ ठसठशीत फिरायला लागले. पलीकडचे कारीगर हसून काय काय उत्तरं देत होते.

कलाबाई चहाचा चमचा घेऊन पुढे आली. त्या गोंगाटात कानाचा उपयोगच नव्हता, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हिलालने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि एकेक शब्द ओठांवर मांडला, “तुनी माय बी असाच पांचट च्या करे!”

काशिनाथ घाईघाईने म्हणाला, “वहिनी, तो म्हनस...”

“थांबा भाऊ!” कलाबाईने चमचा बशीत आदळला. “मनी मायनं नाव काढानं नही, सांगी ठेवस! तुमले चांगला च्या कधी समजना का?”

हिलालने तत्काळ उलट उत्तर दिलं. तिला त्यातलं निम्मंच कळलं, पण तेवढ्यावर तिने त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. बोलताना तिचे डोळे वाहायला लागले, पण तोंडाचा पट्टा थांबला नाही. हिलाल बिनआवाजाचा हसत होता आणि रडतही होता. काशिनाथ अवघडून फोन बंद करायला गेला, तशी ती त्याच्यावरही खेकसली, “ऱ्हाऊ द्या चालू!”

मग ती नवऱ्याच्या तोंडावर वाकली.

“भांडानं व्हई ते मोठं तोंड करीसन भांडा. माले दिखाले पायजे!”