चालू ठेवलेला फोन

जुन्या मोबाइलची काच सोडवताना तापलेल्या गोंदाचा वास आला, की मला घाटंजीतली ती दुपार आठवते. मी तेव्हा हौसेनं लोकांचे फोन दुरुस्त करायचो. पंखा नुसता गरम वारा फेकत होता, आणि शेजारची वहिनी आपला फोन घेऊन आली. “भाऊ, मी कुठंबी गेली तरी नवऱ्याले समजते, मंग तो मले मारते. पाहा बरं काय हाय यात,” ती म्हणाली. फोनमध्ये नवऱ्यानं लपवलेलं अ‍ॅप सापडलं. ती जाईल ती जागा त्याला दिसत होती. “काढून टाकू?” मी विचारलं. “नोका काढू. फोन इथंच चालू राहू द्या,” असं म्हणून तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलून बस स्टँडकडे गेली. संध्याकाळी नवरा दारात उभा राहिला. “बायको कुठं हाय?” “मले नाही माहीत,” मी म्हणालो. ती नेरला माहेरी सुखरूप पोचली होती. पण आठवडाभरातच तिचा सख्खा भाऊ तिला परत आणून सोडून गेला. पुढे ती माझ्या दारावरून मान खाली घालून जायची. आजही कुणी बाई असा फोन घेऊन आली, तर मी ते अ‍ॅप शोधून देतो, पण आधी विचारतो, “बाई, जायले जागा हाय का?”