टाकीच्या तोंडाशी

सत्कार समितीची माणसं परवा आमच्या वळसंगच्या घरी आली आणि म्हणाली, ताईंच्या जडणघडणीवर चार पानं लिहून द्या, स्मरणिकेत छापायची आहेत. तुम्ही शिक्षिका, शिवाय ताईंच्या भावजय, तुमच्याइतकं जवळून कोण लिहिणार? चहा प्यायले आणि "प्रेरणादायी असू द्या" असं बजावून गेले. सोलापुरात तिचे फ्लेक्स लागलेत, 'सोलापूरची कन्या अंतराळात'. कन्या अजून जमिनीवरच आहे, उड्डाण पुढच्या महिन्यात. पण फ्लेक्सवाल्यांना धीर कुठला! मी लिहून देते आहे. छापतील असं वाटत नाही.

संघप्रिया माझी नणंद. सासरे सिद्राम साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गळीत सुरू झालं की पगार, संपलं की मिळेल ते काम. पोरं कायम नोकरीत लागावीत एवढीच त्यांची इच्छा, आणि ती पुरी झालेली पाहून ते गेले. माझा नवरा प्रदीप आयटीआय करून कारखान्याच्या डिस्टिलरीत फिटर झाला. धाकटी संघप्रिया सोलापुरात केमिकल इंजिनिअर झाली आणि तिथंच शिफ्ट इंजिनिअर म्हणून आली. भाऊ बहिणीच्या हाताखाली! प्रदीप कामावर तिला सगळ्यांदेखत "मॅडम" म्हणायचा आणि घरी आल्यावर तिची वेणी ओढायचा. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, आणि तसली टाकी कुठंही असते.

मद्यार्क गाळून झाला की काळं सांडपाणी उरतं. ते साठवायची मोठी बंद टाकी होती. तळाशी गाळ बसतो, कुजतो, गॅस धरतो. हंगाम संपला की तो उपसायचा. गॅस मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं आणि परत यायचं नाव घेत नव्हतं. "यंत्र आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही," असं संघप्रियानं सांगून ठेवलं होतं आणि अपघात झाला त्या दिवशीही ती त्याच यंत्रासाठी ऑफिसात भांडत बसली होती.

गाळ उपसायला टाकीवर मायाप्पा होता, अक्कलकोटकडचा, अर्धं आयुष्य विहिरी खणलेला. विहिरीत उतरण्याआधी दोरीनं पेटता कंदील सोडायची आपल्याकडची जुनी रीत. कंदील विझला तर खाली हवा नाही, पेटता राहिला तर खुशाल उतरा. मायाप्पानं कंदील सोडला. तो तळापर्यंत पेटता राहिला. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येत होता, तो झाकणाशी वाकून बसल्यावर थोड्या वेळानं येईनासा झाला. हवा साफ झाली असं समजून मायाप्पा शिडीनं खाली गेला. माणूस मारायला लागतो तेवढ्या या गॅसनं कंदील विझत नाही. आणि गॅस फार झाला की नाकच मरतं, वास कळत नाही. विहिरीचं शहाणपण टाकीत चाललं नाही.

मायाप्पा कोसळला. प्रदीप वरच होता. त्यानं विचार केला नाही, आपल्याकडं कुणी करत नाही. संगतीचा माणूस पडला की आपण उडी घ्यायची. मागं राहील त्याला गाव पुढं सुखानं जगू देत नाही. तोंडाला रुमाल बांधून प्रदीप उतरला.

ओरडा ऐकून मी आणि माझ्या सासूबाई, विठाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, कामगार वसाहतीतून धावत सुटलो. पोचलो तेव्हा संघप्रिया टाकीच्या माथ्यावर, तोंडाशी, दोन्ही हात पसरून उभी होती. रुमाल बांधून तयार असलेल्या माणसांना ती शिव्या देत होती. तिला शिव्या येतात हे मला तेव्हा कळलं. "फायर ब्रिगेडचे मास्कवाले सोलापुरातून निघालेत. त्याच्या आधी एक जण जरी उतरला तर याद राखा!" आणि आतून घोरल्यासारखा आवाज येत होता. प्रदीपचा. मी त्याची बायको, मला तो ओळखू येणार नाही?

मी खाली मातीतच बसले. आत्याबाई मात्र शिडी चढून वर गेल्या. टाकीच्या तोंडात पाय घालणार, तोच संघप्रियानं मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. आत्याबाईंनी तिला बुक्क्या मारल्या, तिच्या मनगटाला कडकडून चावल्या. "सोड गं सटवे! माजा ल्योक घोरतोय आत, जित्ता हाय!" तिनं सोडलं नाही. आवाज थांबला तरी सोडलं नाही. मास्कवाले आले, दोघांना वर काढलं, तेव्हा कुठं तिचे हात सुटले.

सकाळी मी भाकरी वाढली होती. "आल्यावर जेवतो," म्हणून प्रदीप तसाच गेला होता.

"मला का धरलंस?" आत्याबाई लेकीशी बोलल्या ते एवढंच शेवटचं. गावानं बाकीचं बोलून घेतलं. भाऊ आत मरत हुता आन ही वर हुबी राहून बघत हुती! खोटं कशाला लिहू, मलाही राग होता. पुष्कळ दिवस होता. तो आवाज कानात असताना तिच्याकडं बघवत नव्हतं. पण ती आडवी आली नसती तर त्या दिवशी वसाहतीतून आणखी प्रेतं निघाली असती आणि त्यांत एक आत्याबाईंचं असतं, हे मला हळूहळू पटलं. आत्याबाईंना ते पटवायला मी गेले, तर म्हणाल्या, "मग निगू द्यायचं हुतं की."

संघप्रियानं कारखाना सोडला. पुण्यात, बंद जागेतली हवा शुद्ध ठेवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागली. पाणबुडीसाठी, बोगद्यासाठी अशी यंत्रं लागतात. त्या कामातून अवकाश मोहिमेच्या लोकांशी ओळख झाली, पुढं त्यांनी अंतराळवीर निवडायला अर्ज मागवले आणि हिनं भरला. मी फोनवर वैतागले, "वर मरायला कशाला जातेस?" तर म्हणाली, "वैनी, तितं हवा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सगळे आधी हवेचा विचार करतात. मला अशा माणसांत राहायचंय."

निवड झाली. गरगर फिरवणारी यंत्रं, दिवसच्या दिवस बंद खोलीत कोंडून ठेवणं, पाण्याखालचा सराव, सगळ्यांतून ती निभावली. मग पेपरात मुलाखत आली. निवड समितीतले एक साहेब अभिमानानं म्हणाले होते, 'सख्खा भाऊ आत असताना जिनं इतरांना टाकीत उतरू दिलं नाही, तिच्याइतकी योग्य व्यक्ती आम्हाला मिळाली नसती.' शेजारच्या सुंदरम्मानं कौतुकानं ती बातमी आत्याबाईंना वाचून दाखवली. आत्याबाई उठल्या आणि बुद्धमूर्तीशेजारचा प्रदीपचा फोटो पदरानं पुसत राहिल्या. "माज्या पोराच्या मरणावर हिला नोकरी लागली," एवढंच म्हणाल्या.

गेल्या रविवारी संघप्रिया आली. उड्डाणाआधी अंतराळवीरांना वेगळं ठेवतात, कुणाला भेटू देत नाहीत, म्हणून ही शेवटची भेट. दारात गाडी उभी, ड्रायव्हर घड्याळ बघतोय. तिनं फोटोला हात जोडले आणि आईसमोर बसली. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा,

"वर तुज्यासंगं आनी कोन?"

"दोघं हायती."

"त्यातला येक पडला तर?"

संघप्रिया खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण ती खोटं बोलत नाही, हीच तिची खोड. "बाकीच्यांच्या जिवावर येत आसंल, तर त्याला तितंच ठेवून दार लावायचं, आई."

"तू लावशील?"

"व्हय."

सुपातला आत्याबाईंचा हात थांबला. "आन तू पडलीस तर?"

"मग ते लावतील. त्यांच्याकडनं मीच तसं घोकून घेतलंय."

संघप्रिया आईच्या पाया पडली, "येते," म्हणाली आणि उंबऱ्यापाशी गेली. तेवढ्यात आत्याबाई सूप लोटून उठल्या. ज्वारी घरभर झाली. मागून जाऊन त्यांनी लेकीच्या कमरेला मिठी घातली आणि बोटांत बोटं अडकवली.

"सोड, आई."

"न्हाय सोडत. तू सोडलं हुतंस का मला?"

संघप्रिया उभीच राहिली. टाकीवर, दवाखान्यात, प्रदीपच्या अंत्ययात्रेत जी रडली नव्हती ती तिथं उंबऱ्यात मोठ्यानं रडली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग ती आईची बोटं एकेक करून सोडवू लागली. तिला जमेना, तेव्हा मी मदत केली. आत्याबाईंच्या हातात मेली काय ताकद होती! शेवटी सुटली ती. मागं न बघता गाडीत बसली.

आत्याबाई उंबऱ्यातच बसल्या. गाडीची धूळ खाली बसली तरी आपले हात चोळत होत्या.

"लई जोर लावला म्या," त्या म्हणाल्या. "तरी सुटलीच की." मग म्हणाल्या, "तिला किती जोर लागला आसंल गं, मला धरायला? म्या तर चावले हुते तिला."

मी म्हटलं, "हे तिला सांगा की, आत्याबाई."

"सांगीन. परत आल्यावर सांगीन."

आल्यावर जेवतो, असं प्रदीपही म्हणाला होता. मी फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला.