जांभळ्या दातांवरची सही

माझे सासरे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रंग तपासायचे. कापडाला लागणाऱ्या रंगांची पिंपं त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर पडत नसत. सही मोठी प्रेक्षणीय होती. सुरुवातीला एक फास, मध्ये डोंगररांगेसारखं काहीतरी आणि शेवटी खालून उलटी मागे येणारी लांब रेघ. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ते निवृत्त झाले आणि त्यांच्या सहीसाठी अडून बसलेली एकही वस्तू या जगात उरली नाही. वीजबिलावर ग्राहकाची सही लागत नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

उरला कॅमेरा. फोटो ते बरे काढत. म्हणजे चांगलेच काढत. पण तसं तोंडावर म्हटलं की ते भिंगाची माहिती सांगायला बसत, म्हणून घरात आम्ही 'बरे' म्हणायचो. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पेनाने सही. एका वर्षी त्यांनी काढलेला शिवमंदिराचा फोटो कुणाच्याशा दुकानाच्या कॅलेंडरवर आला. कोपरा कापलेला होता. मंदिर शाबूत, सही गायब.

"निगेटिव्ह माझ्याकडे आहे," असं ते भेटेल त्याला सांगायला लागले.

"मग गळ्यात घालून फिरा," सासूबाई म्हणाल्या.

मी तेव्हा उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, बिलबुकं आणि लेबलं तयार करायचे. त्या बाजारात कुठल्याही वस्तूसारखी दुसरी वस्तू मिळे, आणि पहिली कुठली हे विचारण्याचा उद्धटपणा कुणी करत नसे. शेठने नवा स्कॅनर घेतला. त्यात फोटो घातला की तो पडद्यावर येई, आणि मग त्याचं हवं ते करता येई. एके दिवशी जेवताना मी सहज बोलून गेले, की आता फोटोवर अशी सही टाकता येते की जणू काचेवर केलीय. सहीही दिसते आणि तिच्या आरपार फोटोही दिसतो.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

त्याच सुमाराला आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाने मंडपात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते फोटोंची पिशवी घेऊन दुकानात हजर. शेठने खुर्ची दिली, चहा मागवला. मी एका कोऱ्या कागदावर त्यांची सही घेतली, ती स्कॅन केली आणि मंदिराच्या फोटोवर आणून ठेवली.

"बाबा, हा आकडा कमी केला की सही फिकी होते, वाढवला की गडद."

"शंभर ठेव."

"शंभर ठेवली तर खालचं काही दिसणार नाही."

"सही तर दिसेल ना?"

शेठ मध्ये पडला. "साईं, चाय में शक्कर दिसते का? पण असते ना? तेवढीच डालो."

तीस टक्क्यांवर तडजोड झाली. कोपऱ्याचा प्रश्न मात्र त्यांनी घरूनच सोडवून आणला होता. कोपरा कापता येतो, म्हणून सही अशा ठिकाणी हवी, की ती कापली तर फोटोच मरेल. या नियमाप्रमाणे मंदिराच्या शिखरावर सही आली, धरणाच्या पाण्यावर आली, वासुदेवाच्या टोपीवर आली. दुकानातल्या कलर प्रिंटरवर एकेक कागद बाहेर येत होता आणि सासरे तो उजेडाकडे धरून पास करत होते. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

शेवटचा फोटो सासूबाईंचा होता. बदलापूरला त्यांच्या बहिणीच्या परसातलं जांभळाचं झाड, खाली बसलेल्या सासूबाई, ओच्यात जांभळं आणि कशाला तरी तोंड उघडून हसताना दिसणारे जांभळे दात. एरवी कॅमेऱ्यासमोर त्या ओठ मिटून बसत, कारण सासरे तयारीला इतका वेळ घेत की हसू टिकत नसे. त्या दिवशी त्यांनी न सांगता बटण दाबलं होतं. त्यांच्या सगळ्या फोटोंत हा सरस होता, आणि त्याचा जीव होता त्या दातांत. त्यामुळे नियमाप्रमाणे सही कुठे आली, हे सांगायला नको.

संध्याकाळी सासूबाईंनी तो हातात घेतला.

"हे काय आहे माझ्या तोंडावर?"

"सही आहे."

"पुसा."

"पुसता येत नाही. तीच तर गंमत आहे."

"अहो, मी काय तुमच्या कारखान्यातलं पिंप आहे? पास झालं म्हणून शिक्का मारायला?"

"अगं, कुणी पळवला तर?"

"फोटो पळवेल. मला कोण पळवतंय?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं? कॉम्प्युटर शिकलीस तो सासूच्या दातांवर रेघोट्या मारायला?"

पुढचे काही दिवस त्या दोघांचा पत्रव्यवहार माझ्यामार्फत चालला. "दहा टक्के केली तर चालेल का, विचार," असं ते म्हणाले. मी विचारलं. "शून्य," उत्तर आलं. शेवटी त्या फोटोची स्टुडिओतून धुऊन आणलेली मोठी प्रत, कोपऱ्यात सही करायची राहून गेलेली, तशीच प्रदर्शनात न्यायची ठरली. ती सासऱ्यांनी रांगेत सगळ्यात शेवटी टाचली आणि समोर खुर्ची टाकून स्वतः बसले. पूर्वी पिंपं बाहेर पडताना गेटवर बसत असतील, तसेच.

उद्घाटनाला एक स्थानिक पुढारी आले. गळ्यातला हार न काढता त्यांनी पूर्ण रांग पाहिली आणि भाषणात म्हणाले, "फोटो तर आहेतच, पण अक्षराला तोड नाही." सासऱ्यांनी हात जोडले. बाकीचे लोकही तेच करत होते. मान वाकडी करून सही वाचायची, पुढे सरकायचं. शेवटच्या फोटोपाशी मात्र घोळका थांबायचा. बायका बोट दाखवून हसायच्या, कुणीतरी आपल्या माहेरच्या जांभळाची गोष्ट सुरू करायचं. सासऱ्यांनी लोकांना दिसावं म्हणून खुर्ची तेवढी जरा बाजूला घेतली.

विसर्जनाच्या दिवशी ते मिरवणुकीबरोबर गेले. परत आले तर शेवटच्या जागी नुसत्या टाचण्या होत्या. सह्यांचे सगळे फोटो जागच्या जागी.

"मी सांगत होतो!" हे ते घरी येईपर्यंत म्हणत राहिले. शेठला मी हकिगत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "चोराने पूरा प्रदर्शन देखा, और एक ही उठाया? नजर आहे बेटी उसको." हे मी घरी सांगितलं. ही तारीफ समजावी की टोमणा, ते सासऱ्यांना ठरवता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई वाण्याकडून जांभळाच्या सरबताची बाटली घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवली. लेबलावर त्या स्वतः होत्या. साडी बदलून हिरवी केली होती, हातात सरबताचा ग्लास चिकटवला होता. उल्हासनगरातल्याच माझ्यासारख्या कुणीतरी हे काम केलं असणार. मी मनातल्या मनात तो ग्लास किती वाकडा बसलाय ते पाहून घेतलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला. बाटली घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि नमुना तपासावा तशी उजेडात धरली. आता निगेटिव्ह निघणार, वकील निघणार, अशा तयारीत मी उभी होते.

"दात पांढरे केलेत," ते म्हणाले.

"अं?"

"जांभळं खाल्ल्यावर दात पांढरे राहतील का? कुठल्या बाईचे राहतात?" आवाज चढला होता. मग त्यांनी बाटली परत टेबलावर ठेवली. "बरं झालं सही नव्हती. लोकांना वाटलं असतं, हे मी पास केलं."

सासूबाईंनी लगेच पेल्यात थोडं ओतून चाखलं. "नुसती साखर आहे," त्या म्हणाल्या. "पण आले मात्र बरी हो मी. वाणी मेला दोनदा बघत होता."

त्याच आठवड्यात सासऱ्यांनी निगेटिव्ह काढली आणि स्टुडिओतून नवी प्रत करून आणली. दात पुन्हा जांभळे. फ्रेममध्ये घालण्याआधी सासूबाईंनी स्वतः पेन आणून त्यांच्या हातात दिलं.

"करा एकदाची सही."

"कुठे?" त्यांनी अगदी जपून विचारलं.

"मागे."

त्यांनी फोटो उलटा केला आणि फास, डोंगररांग, मागे येणारी रेघ, सगळं साग्रसंगीत काढलं. त्याखाली कारखान्यातल्या अक्षरात लिहिलं: 'तपासले. रंग मूळचा.' फोटो हॉलमध्ये टांगला आहे. पाहुणे अजून सासूबाईंचे दात बघून हसतात, आणि मागची सही घरच्या माणसांशिवाय कुणाला ठाऊक नाही.