पत्रातलं गाव

बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या वर्षी मी इस्लामपूरच्या बाजूला एका मिशन दवाखान्यात नर्स होते. दवाखाना एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंचा. बाई कामाला खंबीर. पण फौजदार त्यांच्या व्हरांड्यात चहाला येई आणि माझा धाकटा भाऊ भूमिगत होता, त्यामुळे मी त्यांच्याशी औषधांपलीकडे फारसं बोलत नसे.

एका रविवारी प्रार्थनेनंतर बाईंनी एक पत्रक वाचून दाखवलं. त्यांच्या देशातल्या चर्चनं आपल्या सरकारला बजावलं होतं की परराष्ट्र धोरण ठरवताना शांतता आणि माणसाचे हक्क आधी बघा. इंग्रज दोस्त असले तरी हिंदुस्थानात ते काय करतात त्याकडे डोळेझाक करू नका. त्यासाठी इथल्या हकिकती हव्या होत्या, गावाच्या नावासकट. गाव नसेल तर वरचे लोक विश्वास ठेवत नाहीत, असं बाईंचं म्हणणं. बाहेर आल्यावर दवाखान्याचा म्हातारा माळी मला म्हणाला, "तिकडं कागद वाचला की हितल्या फौजदाराची काठी हलकी हुती व्हय?" मला काठीपेक्षा त्या कागदाचीच धास्ती होती.

त्याच आठवड्यात माझ्या माहेरगावची एक बाई आली. नवरा कुठं आहे ते सांगेना म्हणून पोलिसांनी तिची पाठ फोडली होती. डॉक्टरीणबाईंनी वही काढली. त्यांचं मराठी पुस्तकी, खेड्यातलं बोलणं त्यांना उमगत नसे, म्हणून मधे मी. काठी किती वेळा बसली, वळ कुठं उठले, सगळं मी खरं सांगितलं. गावाचं विचारलं तेव्हा ती बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आक्का, गाव सांगू नगा. उसात दोघं हायती."

एक तिचा नवरा, दुसरा माझा भाऊ होता. मी नदीपलीकडच्या गावाचं नाव सांगून टाकलं. तिथला पोलीस पाटील सरकारच्या मर्जीतला; त्याच्या गावाला कोण हात लावणार, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी पोलिसांनी त्याच गावाची झडती घेतली. पाटलाची म्हातारी आई बैलगाडीतून आली, उजवं मनगट मोडलेलं. शिपाई शेजारणीच्या घरात शिरत होते, ही दारात आडवी उभी राहिली. पाटलाची आई आहे हे कळायच्या आधीच काठी बसली. पाठीवर वळ असलेली बाई कुठली, असं ते घरोघर विचारत होते, असं तिनं सांगितलं. वळांची गोष्ट त्या वहीत होती, आणि वहीतून बाईंनी अमेरिकेला धाडलेल्या पत्रात गेली होती.

बाईंनी मला औषधांच्या खोलीत बोलावलं. "त्या दिवशी तू मला खरे गाव सांगितलेस काय?"

"नाही."

लढाईच्या दिवसांत सरकार टपाल फोडून वाचतं, हे आपल्या ध्यानात यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मी सरळ विचारलं, फौजदाराला चहा पिताना काही बोललात का? त्या नाही म्हणाल्या. पत्र खरंच फोडलं असेल. पण फौजदार झडतीच्या आदल्याच आठवड्यात चहाला येऊन गेला होता. मी आजही खात्रीनं काही सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं, की त्यांनी खरं गाव विचारलं नाही. उलट म्हणाल्या, "मला सांगू नकोस."

दुसरं पत्र त्यांनी मायदेशी निघालेल्या एका पाद्र्याबरोबर पाठवायचं ठरवलं. मला आधी वाचायला दिलं. वळांच्या हकिकतीतलं गाव खोडलेलं होतं. म्हातारीला बाईंनी विचारलं, तुमचं लिहायचं का? ती म्हणाली, "लिवा की. आता काय दडवायचं राहिलंय?" म्हणून नदीपलीकडचं तेच गाव पुन्हा पत्रात गेलं, या वेळी खरं म्हणून.

भाऊ उसातून सुखरूप निसटला. त्या पत्रांचं पुढं काय झालं कळलं नाही.

म्हातारीचं मनगट वाकडंच बसलं. प्लास्टर काढल्यावर ती कितीतरी दिवस शेकायला येत होती. गरम पाण्यात हात बुडवला की दर वेळी विचारायची, "आमच्याच गावाचं नाव कुणी घेतलं असंल गं?"

मी म्हणायचे, "बोटं मिटा. आता उघडा."