हरिपूरचा खडस माहुलीत

गंगाधर लिमये सांगलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचा. जन्मात त्याने मासा चाखला नव्हता, पण माशांखेरीज त्याला दुसरे काही सुचत नसे. उन्हाळ्याची सुटी लागली की तो हरिपूरच्या संगमावर भोयांच्या जाळ्यांपाशी जाऊन बसे. घरी परतला की त्याची बायको उमा त्याला मागच्या दारीच अडवून दोन घागरी अंगावर ओतायला लावी.

त्याच्या डोक्यात एकच खूळ होते. हरिपूरच्या डोहातला खडस, म्हणजे तो मोठ्या खवल्यांचा मासा, पावसाळ्यात कुठे जातो? गंगाधरला वाटे, नदीने वर, थेट साताऱ्याजवळच्या माहुलीपर्यंत, अंडी घालायला. मुंबईच्या त्याच्या प्राध्यापकांनी यावर लिहिले होते, ‘वाटेत कऱ्हाडजवळ बंधारा आहे. मासा काय शिडी लावून चढतो? यंदाच्या पावसाळ्यात पुरावा दाखवा, नाहीतर हा उद्योग थांबवा.’ साल होते १९४६.

पुराव्यासाठीच तर त्याने सोनाराकडून चांदीच्या बारीक कड्या घडवून घेतल्या होत्या, प्रत्येकीवर आकडा ठोकलेल्या. तीन उन्हाळे तो हरिपूरला माशांच्या पराला, म्हणजे पोहायच्या पंखाला, कडी अडकवून त्यांना पुन्हा पाण्यात सोडत होता. माहुलीच्या भोयांना त्याने सांगून ठेवले होते, कडीचा मासा धरून आणील त्याला नवे कोरे धोतर. कापड रेशनवर मिळायचे ते दिवस. तरी तीन वर्षांत एक माणूस धोतर मागायला आला नाही.

श्रावणात आठ दिवसांची रजा काढून तो स्वतःच माहुलीला येऊन राहिला. सहाव्या दिवशी सकाळी तो घाटाच्या पायरीवर बसला होता. समोर कमरेएवढ्या पाण्यात तात्याबा भोई आणि त्याची बायको धोंडुबाई जाळे ओढत होती. जाळ्यात हातभर लांबीचा खडस उसळला. उन्हात त्याच्या पराशी काहीतरी लखकन चमकले.

 गंगाधर उठेपर्यंत धोंडुबाईने कनवटीची पुडी सोडली, माशाच्या डोक्याला हळद लावली, हात जोडले आणि मासा दिला सोडून!

“अहो धरा! धरा त्याला!” म्हणत गंगाधरने चष्म्यासकट पाण्यात उडी टाकली. हाताला चिखल तेवढा लागला.

तात्याबाने त्याला दंडाला धरून उभे केले. “आवं मास्तर, पवाया येतंय का तुमास्नी? का आमच्या जिवाला घोर?”

“तो माझा मासा होता!”

“तुमचा कसला? देवाचा हाय त्यो,” धोंडुबाई म्हणाली. “कुणाचा तरी नवस हाय. चांदी घालून सोडलाय. असला मासा कुनी खातंय व्हय?”

“आणि मी तीन वर्षं विचारतोय, कडीचा मासा धरला का, तर सगळे नाही म्हणता!”

“मग धरलाच न्हाई की. नवसाचा मासा धरत न्हाईत, हळद लावून सोडत्यात. आन दुसऱ्याच्या नवसाची वाच्यता करू न्हाई.”

गंगाधर ओल्या कपड्यांनीच घाटाच्या पायरीवर येऊन बसला. मग एकदम ओरडला, “म्हणजे असे मासे येतात इथे? किती?”

“लय. मागल्या साली पाच. औंदा ह्यो तिसरा.”

आठ मासे! त्याला हसू आवरेना. पण लगेच चेहरा उतरला. नुसत्या सांगण्यावर मुंबई विश्वास ठेवायची नाही. कडी हातात हवी.

“धोंडुबाई, पुढचा मासा आला की कडी काढून द्याल?”

“दुसऱ्याचा नवस मोडू? जीभ झडंल माझी.”

“अहो, कड्या मीच घातल्यात. हरिपूरला.”

बाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. “तुमी? मग मागितलंत काय देवाला? पोरगं?”

गंगाधर अडखळला. खोटे बोलवेना. “हे मासे जातात कुठे, तेवढं कळू दे, एवढंच.”

“ऐकलं का?” धोंडुबाई नवऱ्याला म्हणाली. “मानसं सोनं मागत्यात, मास्तर माशाचा पत्ता मागतोय!” मग गंभीर होऊन म्हणाली, “तुमचा नवस आसंल तर फेडायचा तुमीच. आमी कडीला हात लावनार न्हाई. या उद्या पाण्यात.”

दुसऱ्या दिवशी तात्याबाचा लंगोट नेसून गंगाधर जाळ्याच्या मधोमध उभा राहिला. पोहता येत नव्हते, म्हणून तात्याबाने त्याच्या कमरेला दोर बांधला होता. काठावर सगळी भोईआळी जमली.

“मास्तर, मासा तुमालाच धरंल बगा!” कोणीतरी ओरडले.

पहिली ओढ रिकामी. दुसरीत बारीक मासळी. पाचव्या ओढीला जाळे जड लागले. पाण्यात एक सोनेरी पाठ वळली आणि पराशी चांदी लकाकली.

“फेडा, मास्तर, फेडा!” धोंडुबाईने माशाच्या डोक्याला हळद फासली. गंगाधरने कडी उलगडली. तळहातावरच्या कडीवर आकडा होता एक्केचाळीस. चैत्रातला, हरिपूरचा, सव्वा हात लांबीचा. वही न उघडता त्याला सगळे आठवले.

त्याने मासा पाण्यात सोडला. खडसाने शेपटीचा एक तडाखा दिला आणि तो वरच्या अंगाला, धारेविरुद्ध निघून गेला.

“बंधारा चढला!” गंगाधर दोरासकट नाचू लागला. “तात्याबा, चढला हो!”

“चढला, चढला. पर दोराला हिसका देऊ नगासा, मी पडंन!”

गंगाधर तसाच, अंगावर तात्याबाचा लंगोट आणि मुठीत कडी घेऊन, मुंबईला तार करायला साताऱ्याच्या तारऑफिसकडे धावत सुटला. त्याचे सदरा-धोतर घेऊन धोंडुबाई मागून हाका मारत होती.